बत्तिसावा दाता

४ फेब्रुवारी

काका,

एकाच मशीनवर, एकाच पोलादातून, त्याच मापानं कापलेले गिअर सतरा वर्षं गप्प राहतात आणि मग गुरगुरायला लागतात, ते का? मला ठाऊक नाही. दोन महिने मी चाचणीखोलीत या प्रश्नाशी झटापट करते आहे. पदवीची परीक्षा सोपी होती, तिथे प्रश्नाला उत्तर असतं हे तरी नक्की असायचं.

तुम्हाला इथली सगळी माहिती आहे, पण तुम्ही निवृत्त झाल्यानंतर काय झालं ते सांगते. या सव्वा वर्षात अकरा गाड्या परत आल्या. तक्रार सगळ्यांची एकच, की इंजिनाच्या तोंडाशी आवाज येतो. किंचाळणं नाही, खडखड नाही. कुत्र्यानं हाड तोंडात धरून कोणाला जवळ येऊ देऊ नये, तसा आवाज. एका डॉक्टरबाईंची गाडी काल आली. त्या म्हणाल्या, "मी तपासायला गेले की पेशंट आधी माझ्या गाडीची चौकशी करतात."

आमच्या खोलीचे फोरमन तुमच्या ओळखीचे आहेत. सगळे त्यांना अजून कानमास्तरच म्हणतात. लाकडी दांडीचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून ते डोळे मिटून उभे राहतात आणि निकाल देतात. "हा दमेकरी." "हिचं सासूशी पटत नाही." माझ्या पहिल्या दिवशी त्यांनी दांडी माझ्या हातात दिली आणि विचारलं, "काय ऐकू येतंय?" मी म्हणाले, "आवाज." तेव्हापासून खोलीत कोणी काही विचारलं की सगळे एका सुरात "आवाज" म्हणतात.

पण आता हसण्यावारी नेण्यासारखं राहिलेलं नाही. साहेबांनी परवा बोलावलं. ते म्हणाले, तुझे काका होते तोवर एकही गाडी परत आली नाही, ते गेले आणि हे सुरू झालं, तेव्हा दोष कुणाच्या हातात आहे ते उघड आहे. म्हणजे तुमच्या हाताखाली शिकून आता तुमच्या मशीनवर असलेल्या धाकट्याच्या. चाळिशी उलटली तरी तो तुमचा धाकटाच आहे, गिअरखात्यात अजून तुम्हाला थोरले आणि त्याला धाकटा म्हणतात. मी म्हणाले, उघड आहे ते सिद्धही झालं पाहिजे. मग त्यांनी मला दहा मार्चपर्यंत मुदत दिली. तोवर मी दुसरं कारण शोधलं नाही तर धाकट्याला घरी पाठवणार आणि गिअर बाहेरून आणणार.

धाकट्याला हे कळलंय. तो नेहमीसारखा पंधरा मिनिटं आधी येतो आणि मशीन पुसतो.

काका, तुम्ही मला सायकल शिकवताना मागून सोडून दिलं होतंत आणि मी पडल्यावर म्हणालात, आता पडण्याचा आवाज ओळखीचा झाला. या आवाजाची ओळख करून घ्यायला मला तुमची मदत हवी आहे. कुठून सुरुवात करू?

काकूला आणि आईला नमस्कार. आईला सांगा, मी दोन्ही वेळा जेवते.

तुमची पुतणी


१० फेब्रुवारी

पदवीधर बाई,

पत्र पोचलं. तुझी आई म्हणते, दोन्ही वेळा जेवते असं जी लिहिते ती एकदाच जेवत असणार. तेव्हा पुढच्या पत्रात पदार्थांची नावं लिही.

कानमास्तर अजून डोळे मिटून ऐकतात का? मी होतो तेव्हा एकदा त्यांना उभ्याउभ्या झोप लागली होती आणि उठल्यावर त्यांनी इंजिन पास केलं. ते इंजिन चांगलंच निघालं, हा भाग वेगळा.

आता कामाचं. आवाज ऐकला की माणूस आवाज येतो तिथेच धावतो, आणि तिथेच फसतो. इंजिन म्हणजे घुमणारं भांडं आहे. ठोका एकीकडे आणि घुमतं दुसरीकडे. तू आधी बेअरिंगं बघ. नवीन माल कुठून येतो विचार. तेल बदललंय का बघ, थंडीत जाड तेल घातलं की असले नखरे होतात. पाण्याच्या पंपाचा दांडा वाकडा असेल तर तोही गुरगुरतो. इंधन पेटवणारं ठिणगीचं मशीन ज्या साखळीवर चालतं तिची ढिलाई बघ. हे सगळं बघून झाल्याशिवाय गिअरच्या वाटेला जाऊ नकोस. त्या गिअरमध्ये काही नसणार. त्या मशीनवर मी सतरा वर्षं उभा होतो.

धाकट्याचा हात चांगला आहे. माझ्याइतकाच. हे साहेबांना माझ्या नावानं सांग. तो पोरगा मापाच्या बाहेर जाणारा नाही.

इकडे मी बाजारातले पंप दुरुस्त करतो आणि काकूच्या शिव्या खातो. दोन्हींत आता हात बसलाय.

काका


२२ फेब्रुवारी

काका,

भात, वरण, वांगी, आणि काल चक्क दोन केळी. आईला वाचून दाखवा.

तुम्ही सांगितलेलं सगळं केलं आणि त्यातलं एकही कारण निघालं नाही. रागावू नका, हे मी आनंदानं लिहिते आहे. डॉक्टरबाईंचं इंजिन मी काढून घेतलं आणि ते पेटवायचंच नाही असं ठरवलं. पेटवलं की धडधडीत बाकीचं सगळं बुडून जातं. म्हणून विजेच्या मोटारीनं बाहेरून नुसतं फिरवलं. मग एकेक अवयव काढत गेले. आधी पंखा, मग पाण्याचा पंप, मग ठिणगीचं मशीन साखळीसकट. दर वेळी दांडी कानाला. तेल तीन प्रकारचं घालून पाहिलं, बेअरिंगं नवी घातली. गुरगुर जिथल्या तिथे. कानमास्तर म्हणाले, "आता फक्त साहेबांची सही काढायची राहिली." शेवटी पुढच्या झाकणामागचे दोन गिअर तेवढे उरले. पंचवीस दात्यांचा लहान, पन्नास दात्यांचा मोठा, लहान दोनदा फिरला की मोठा एकदा फिरणार. तुम्हाला हे सांगणं म्हणजे कमालच आहे, पण कागदावर मांडलं की मला नीट दिसतं.

इथे मी अडकले होते. दोघांतला कोण गुरगुरतो ते कसं कळणार? एकटा फिरवला तर आवाजच नाही, भांडायला दोघं लागतात. चार दिवस असेच गेले. मग मंगळवारी मोटारीचा पट्टा सैल झाला, इंजिन अगदी सावकाश फिरायला लागलं, आणि ती सलग गुरगुर तुटली! गुर्र, मग शांत. गुर्र, मग शांत. वेगात ते सगळं एकमेकांत मिसळत होतं इतकंच. मी लहान गिअरच्या दांड्यावर खडूची खूण केली आणि मोजायला लागले. दोन फेऱ्यांना एक गुर्र. पुन्हा दोन फेऱ्यांना एक. म्हणजे मोठा गिअर, आणि त्याच्यावरची फक्त एक जागा. कानमास्तरांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "एकच दात दुखतोय होय याचा!" आणि काका, त्यांनी दांडी माझ्याकडे दिली आणि परत मागितली नाही.

मग दात्यांना लाल रंगाचा पातळ हात दिला, फिरवलं आणि पाहिलं. एकोणपन्नास दात्यांवर रंग मध्यावर सारखा पुसला होता. एकावर कडेपर्यंत खरवडून गेला होता. तो दाता केसभर जाड आहे. गिअर दांड्यावर पक्का बसवणाऱ्या चावीच्या खाचेपासून मोजला तर बत्तिसावा.

आणखी सहा गाड्यांचे मोठे गिअर काढले. सहाही ठिकाणी बत्तिसावा दाता.

मला वाटलं, जिंकले. धावत साहेबांकडे गेले. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे हा माणूस दर गिअरला बत्तिसाव्या दात्यापाशी पेंगतो. तू माझंच म्हणणं सिद्ध केलंस." त्याच संध्याकाळी धाकट्याला मशीनवरून काढून पॅकिंगच्या शेडमध्ये पाठवलं. दहा तारखेनंतर तिथूनही. मी शोधलं आणि माझ्याच शोधानं त्याला हलवलं. मला दोन दिवस कुणाकडे बघवेना.

शेडमध्ये जाऊन त्याची माफी मागितली. तो खोक्यांना खिळे मारत होता. म्हणाला, "ताई, तुम्ही मोजलं ते बरोबरच मोजलं असणार. माझंच काहीतरी चुकतंय, फक्त काय ते कळत नाही." मग तुमच्याबद्दल बोलत बसला. तुमची एक लकब त्यानं जपली आहे, तुम्हाला माहीत आहे का? गिअर कापताना तुम्ही प्रत्येकाला एकदा मशीनमागच्या तबकडीवर डावा अंगठा टेकवायचात. तोही टेकवतो, दर गिअरला, न चुकता. म्हणाला, "थोरल्यांची आठवण आहे ती. तेवढं केल्याशिवाय गिअर पुरा झाल्यासारखा वाटत नाही."

आता मला तुम्ही सांगा, एकच दाता सारखा कशानं बिघडेल? सोळा दिवस उरलेत.

तुमची पुतणी


३ मार्च

बाळे,

हे पत्र काकू लिहिते आहे. अक्षर लागलं नाही तर कानमास्तरांना ऐकायला दे.

तू काकांना काय लिहिलंस? तुझं पत्र आलं तेव्हा ते जेवायला बसले होते. वाचत अर्ध्यावर आले आणि ताट सारून उठले. वांग्याच्या भाजीवरून उठणारा माणूस नाही तो, सव्वीस वर्षं बघतेय. तेव्हापासून दुकानात जात नाहीत. पंपवाले दारात येऊन हाका मारून जातात. मी विचारलं तर म्हणतात, "डोकं दुखतंय." तुझ्या आईनं विचारलं तर म्हणतात, "पाय दुखतोय." दोघींना एकच अवयव सांगायचा तरी.

अंगणातल्या बाकावर बसून पत्र्याच्या डब्याचं झाकण मांडीवर धरतात आणि डाव्या अंगठ्यानं दाबत राहतात. मी म्हटलं, डबा उघडून देऊ का? तर माझ्याकडे असं पाहिलं की मी परत आत गेले.

असंच त्यांनी पूर्वी एकदा केलं होतं. तुझे बाबा गेले आणि तू नि तुझी आई आमच्याकडे आलात, त्या वर्षी. तू नऊ वर्षांची होतीस. आठवडाभर घास उतरत नव्हता. तेव्हाही काय झालं ते सांगितलं नाही आणि मीही विचारणं सोडून दिलं. आता मात्र वय झालंय, आता असं उपाशी राहून चालायचं नाही.

ते तुला तीन वेळा पत्र लिहायला बसले आणि तिन्ही वेळा फाडलं. मी तुकडे गोळा केले. वाचणार नव्हते, पण वाचले. एका तुकड्यावर एवढंच होतं: "बत्तिसाव्या भोकापाशी मी". पुढचा तुकडा चुलीत गेला होता. कसलं भोक ते तूच बघ. आणि त्यांना दोन चांगल्या ओळी लिही, परीक्षा घेतल्यासारखं लिहू नकोस. तू लिहितेस ना, एक, दोन, तीन करून, त्यानं माणूस घाबरतो.

तुझी आई म्हणते, केळी रोज खा.

काकू


७ मार्च

काका,

काकूचं पत्र आलं. तिच्यावर चिडू नका.

मी तुम्हाला दात्याबद्दल लिहिलं होतं. भोकाबद्दल लिहिलं नव्हतं, कारण मला भोक माहीतच नव्हतं. मी गिअर पाहिले, इंजिनं पाहिली, पण गिअर कापायच्या मशीनकडे पाठ करून बसले होते, कारण तुम्ही म्हणाला होतात की तिथे काही नसणार.

काल जेवणाच्या सुट्टीत मी धाकट्याला शेडमधून बोलावून घेतलं. गिअरखातं रिकामं होतं. त्यानं मला सगळं दाखवलं. मशीनच्या मागे ती मोठी तबकडी, कडेनं पन्नास भोकं. पिन एका भोकात बसते, एक खाच कापून होते. पिन ओढायची, तबकडी एक भोक पुढे, पिन आत, दुसरी खाच. असं पन्नास वेळा. मी मोजत बत्तिसाव्यावर आले आणि पिन आत सोडून तबकडी हलवून पाहिली. बाकी सगळीकडे ती दगडासारखी होती. इथे हलली. भिंगातून पाहिलं तर भोकाच्या आत कानशीचे ओरखडे होते, जुने, गुळगुळीत झालेले. आणि त्याच्या वर, कडेला, पोचा.

धाकटा माझ्या खांद्यावरून बघत होता. मग म्हणाला, "थोरले अंगठा टेकवायचे ते इथेच."

मी विचारलं, "तू कसा टेकवतोस?" त्यानं दाखवलं. काका, तो नुसता टेकवतो. अगदी हलकेच, झोपलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. त्यानं तुमची लकब घेतली, दाब घेतला नाही, कारण दाब असतो हे त्याला कुणी सांगितलंच नाही. "मी एकदा विचारलं होतं," तो म्हणाला. "ते म्हणाले, सवय आहे माझी."

आम्ही गुपचूप चार गिअर कापले. बत्तिसाव्याला त्यानं दाबून धरलं. पहिला जास्त दाबला, तोही गुरगुरला, फक्त खाचेच्या दुसऱ्या बाजूचा दाता जाड. दुसरा, तिसरा तसेच. चौथा मी इंजिनात घातला आणि दांडी लावली. कानमास्तरांनाही बोलावलं. ते म्हणाले, "काय ऐकू येतंय?" मी म्हणाले, "काही नाही." ते म्हणाले, "हेच ऐकायला मी तीस वर्षं पगार घेतो."

म्हणजे कारण सापडलं. आता मला तीन दिवसांत अहवाल लिहायचा आहे. भोक बिघडलं आहे इतकंच लिहिलं तर साहेब विचारतील, मग आधी आवाज का नव्हता? धाकटा म्हणतो, "थोरल्यांचं नाव घेऊ नका ताई. मी शेडमध्ये बरा आहे. दुसरीकडे कुठेतरी काम मिळेलच." त्याला तीन मुली आहेत आणि तो मला सांगतो की तो बरा आहे.

मी परीक्षा घेत नाही, काका. एक, दोन, तीन करत नाही. मला फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. मी नववीत असताना प्रयोगाच्या वहीत आकडा बदलला होता आणि तुम्ही मला ती वही बाईंकडे परत न्यायला लावली होतीत. दारापर्यंत माझ्याबरोबर आला होतात. आत मी एकटी गेले.

लवकर लिहा.

तुमची पुतणी


१० मार्च

पोरी,

तुझं पत्र मिळाल्या मिळाल्या लिहितो आहे. या वेळी फाडणार नाही. काकू समोर बसली आहे आणि कात्रीसुद्धा लपवून ठेवली आहे.

तबकडी माझ्या हातून पडली. निवृत्तीच्या बारा वर्षं आधीची गोष्ट, मला त्या मशीनवर येऊन पाच वर्षं झाली होती. साफ करायला काढली होती. बोटं तेलकट होती. कडेवर पडली आणि बत्तिसाव्या भोकाशी पोचा आला. पिन आत जाईना. तबकडी दूरच्या देशातून आलेली, तेव्हाचे साहेब म्हणायचे की तिला ओरखडा काढणाऱ्यानं टोपी घेऊन निघावं. मी आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं. कानस घेतली आणि पिन बसेपर्यंत भोक घासलं. घासलं ते जास्त घासलं. मग पिन आत बसली पण डुलायला लागली.

भोक बुजवून नवं पाडावं म्हटलं, तर ते नेमकं कुठे पाडायचं हे सांगायला दुसरी चांगली तबकडी लागते. म्हणून अंगठा. बरोबर मध्यावर धरायचं आणि उजव्या हातानं तबकडीची पकड कसायची. दोन आठवड्यांत हात बसला. बारा वर्षांत एकही गिअर परत आला नाही, याचा मला अभिमान वाटायला लागला, बघ. चोरी लपवता लपवता त्यातच कारागिरी दिसायला लागली.

काकूनं तुला त्या वर्षाबद्दल लिहिलं ते मला कळलं. घरात तुम्ही दोघी नव्यानं आला होतात हे खरं. पण तुझ्यावर ढकलून मी सुटणार नाही. मी घाबरलो म्हणून गप्प बसलो. नंतर साहेब बदलले, भीतीचं कारण गेलं, तरी गप्पच राहिलो. तेव्हा लोक मला थोरले म्हणायला लागले होते.

धाकट्यानं विचारलं तो दिवस आठवतो. मी खरं सांगितलं असतं तर अर्धा तास लागला असता. दाब शिकवायचा तर का दाबायचं ते सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, सवय आहे. निवृत्तीच्या दिवशी त्याला मशीनच्या किल्ल्या दिल्या, फुलं घेतली आणि घरी आलो. वाटलं होतं, त्याचाही हात आपोआप बसेल. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला कळलं होतं. तरी तुला पाण्याच्या पंपामागे धाडलं. तुझे दोन आठवडे मी फुकट घालवले आणि त्यात धाकट्याचं मशीन गेलं.

एक मागतो, मागायचा हक्क नाही तरी. भोक झिजलं असं लिहिता येईल का? बारा वर्षं पिन आतबाहेर होते, झिजतंच. धाकटा सुटेल आणि माझंही राहील. अगदी खोटं नाही ते. तुला नाही पटलं तर तू ठरवशील ते. दारापर्यंत मी येईन.

काका


१६ मार्च

काका,

तुमचं पत्र तेराला पोचलं. अहवाल मी दहालाच सकाळी दिला होता. म्हणजे तुम्ही लिहीत होतात तेव्हा तो साहेबांच्या टेबलावर होता. तुमचं मागणं मला वेळेत मिळालं असतं तर मी काय केलं असतं, हे मला विचारू नका. न मिळाल्याचं मला बरं वाटलं, एवढं खरं सांगते.

मी काय लिहिलं ते तुम्हाला माहीत असायला हवं. आधी चाचण्या, क्रमानं. मग हे: "तबकडीचं बत्तिसावं भोक आघातानं बिघडून नंतर कानशीनं घासलेलं आहे. पूर्वीचे कारागीर, माझे काका, हा दोष अंगठ्याच्या दाबानं प्रत्येक गिअरला भरून काढत होते. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. सध्याच्या कारागिरानं शिकवलेलं सगळं तंतोतंत केलं आहे. जे शिकवलंच नाही त्याबद्दल त्याला दोषी धरता येणार नाही." खाली सही केली. आपल्या घरातली कारखान्याच्या कागदावरची ती पहिली सही, आणि ती अशी करावी लागली. अक्षर वाकडं आलं आहे.

साहेबांनी दोनदा वाचलं. पहिल्यांदा ते संतापले, पण कशावरून माहीत आहे? "यांच्या निरोपाला मी पाऊण तास भाषण केलं होतं!" मग उठून स्वतः मशीनपाशी गेले, पिन घातली, तबकडी हलवून पाहिली. अंगठा लावून पाहिला. "या तबकडीतून तो बारा वर्षं बरोबर गिअर काढत होता?" असं ते स्वतःशीच म्हणाले. कानमास्तर मागे होते. म्हणाले, "आणि मी डोळे मिटून पास करत होतो."

धाकटा दुसऱ्या दिवशी मशीनवर परत आला. पंधरा मिनिटं आधी. तुमचं पत्र मी त्याला दिलं, सगळं. द्यावं की नाही हे तुम्हाला न विचारता दिलं. त्यानं शेडच्या मागे उभं राहून वाचलं आणि घडी करून परत दिलं. एवढंच म्हणाला, "अर्धाच तास लागला असता." त्याला राग आलाय, काका. इतकी वर्षं तो ज्याला तुमची आठवण म्हणून जपत होता ते काय निघालं, याचा त्याला राग आलाय. तो माझ्याशीसुद्धा दोन दिवस मोजकंच बोलला. ते तुम्हाला सांगितलं नाही तर मीही तुम्हाला पाण्याच्या पंपामागे धाडल्यासारखं होईल.

नवीन तबकडी मागवली आहे. यायला चार महिने लागतील. तोवर जुनीच. धाकटा दाबतो, पण दहातले तीन गप्प निघतात, सात गुरगुरतात. किती दाबायचं ते मी मोजायचा प्रयत्न केला. अंगठ्याखाली स्प्रिंग ठेवून पाहिली, वजनं ठेवून पाहिली. वहीची सहा पानं भरली आणि त्यात तुमचा अंगठा काही आला नाही. साहेबांनी विचारलं, "आता?"

मी म्हणाले, काका येतील. चार महिने गिअरखात्यात, धाकट्याच्या शेजारी उभं राहून शिकवतील. मशीन धाकट्याचंच राहील, ते नुसते सांगतील. साहेब म्हणाले, "ते येतील का?" मी म्हणाले, "हो." तुमच्या वतीनं मी लेखी कळवलं आहे, आणि साहेबांनी त्यावर तारीख घातली आहे.

माझ्या खोलीत खिडकीजवळ दुसरी खाट लावून घेतली आहे. घरमालकीणबाईंना सांगितलंय की काका पहाटे उठून खोकतात, त्या म्हणाल्या माझेही खोकतात. काकूला सांगा, जेवणाची जबाबदारी माझी, आणि पदार्थांची नावं मी दर आठवड्याला लिहून पाठवीन.

गुरुवारी सकाळी साडेदहाला गाडी पोचते. मला कामावरून सुटता येणार नाही, आणि सुटता आलं असतं तरी मी आले नसते. धाकटा फलाटावर येणार आहे. मी त्याला सांगितलं नाही, तो आपण होऊन म्हणाला. तुम्ही त्याला काय म्हणायचं ते गाडीत ठरवा, सहा तास आहेत.

तिकीट सोबत जोडलं आहे. ते परत होत नाही, खिडकीवर मी आधी विचारून घेतलं.

तुमची पुतणी